तीन बोटं

पहिल्या रात्री दोन गेल्या.
दुसऱ्या रात्री काहीच झालं नाही, म्हणून मी झोपलो.
तिसऱ्या रात्री पाच.
मानेपाशी एकेक चावा, बाकी पीस न् पीस जागच्या जागी,
जणू कुणी उचलून बघितल्या
आणि हळूच खाली ठेवल्या.

रोसाल्बा म्हणाली, कोल्हा.
पलीकडचा एवारिस्तो मियालोंको चिखलात उकिडवा बसला,
ठशाभोवती बोटाने गोल काढला.
"कोल्हा इतक्या उंच चढत नाही. ही ग्विन्या.
मांजरीहून लहान, अंगभर ठिपके.
तीन बोटं मावतील तिथे तिचं डोकं मावतं,
डोकं मावलं की सगळीच मावते."
न मागता त्याने बंदूक देऊ केली.

मला बंदूक नको होती. सुई हवी होती.

चिलोएच्या या गार पाण्यात अठरा वर्षं
मी सॅमनच्या पिंजऱ्यांची जाळी शिवली.
तोंडात हवेची पिवळी नळी,
वर होडीत कॉम्प्रेसरची धडधड, खाली हिरवा काळोख,
आणि त्या काळोखात कुठेतरी समुद्रसिंह,
फाटलेली जागा माझ्याआधी हुडकणारा.
एकदा आम्ही दोघं एकाच भोकाशी पोचलो.
त्याने माझ्याकडे बघितलं,
टपालाच्या रांगेत मागचा माणूस बघतो तसं.
मासे कंपनीचे होते, जाळं कंपनीचं.
उजवा खांदा तेवढा माझा होता,
तो तिथेच राहिला.

आता किनाऱ्यावर वाहून आलेलं त्यांचंच जाळं
मी खुराड्यावर ताणतो.
गाठी डोळे मिटून येतात,
हात वर जात नाही एवढंच.
पत्रा, जुन्या शाळेची खिडकी, होडीची एक फळी,
जे मिळालं ते ठोकलं.

पण भोक बाहेरून दिसत नाही.
हे पाण्यात शिकलो.
आत शिरायचं आणि उजेडाची वाट बघायची.

म्हणून दिवेलागणीनंतर उरलेल्या नऊ जणींत जाऊन बसलो.
रोसाल्बा बॅटरी घेऊन बाहेरून फिरली.
"इथे?" "इथे."
"आणि इथे?"
खिळ्यांच्या भोकांतून, फळीच्या गाठीतून
बारीक बारीक उजेड आत आला,
कोंबड्यांच्या पाठींवरून सरकत गेला.
एकेक बुजवत गेलो. शेवटी नुसता अंधार.
"तू जा," म्हटलं, "आज मी बसतो."
तिने सवयीने बाहेरून कडी घातली.

ती घातलेली कळली मला तासाभराने,
पाय मुंग्या मारू लागले तेव्हा.
हाक मारली. पत्र्यावरच्या पावसाने ती खाल्ली.
निळसर अंडी देणारी लंगडी माझ्या मांडीला टेकली,
आपलंच कुणी असल्यासारखी.

मग डोक्यावर, पत्र्याच्या पुढे, जाळं दबलं.
एक पाऊल. थांबलं. दुसरं.
कोंबड्या श्वाससुद्धा घेईनात, मीही नाही.
ढग सरकले तेव्हा खालून तिचं पोट दिसलं,
ओलं, चिकटलेले केस,
आणि आचळं, नुकती ओढलेली, लाल.

ती गाठ न् गाठ हुंगत गेली.
ज्या गाठीपाशी माझा खांदा दुखला होता
तिथेच जरा जास्त थांबली.
माझ्या कामाची अशी तपासणी
कंपनीनेही कधी केली नव्हती.
बोट वर केलं असतं तर तिच्या पंजाला लागलं असतं.
नाही केलं.
ती गेली, कुठल्या बाजूने ते कळलं नाही.

सकाळी कडी वाजली.
गाऊनवर माझा जुना कोट चढवून रोसाल्बा दारात.
माझ्या केसांतली पिसं बघून हसली नाही,
आधी विचारलं, "किती?"
"नऊ."
तिचा विश्वास बसला नाही, तिने स्वतः मोजल्या.
माझ्यावरही बोट ठेवलं, दहा म्हणाली.

मग खाली वाकली,
दाराच्या उंबऱ्याखाली, जिथे रात्रभर माझी पाठ होती,
तिथे बोटं घातली.
एक. दोन.
तिसरंही गेलं.