पंधरा शब्द

मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसहा ते सव्वानऊ,
कम्युनिटी कॉलेज, खोली दोनशे सतरा.
कॅलमझू हे गावाचं नाव आईला
अजून नीट म्हणता येत नाही,
फोनवर ती ‘तुझं ते झू’ म्हणते.

दिवसभर मी गोळ्यांच्या कारखान्यात पट्ट्या तपासते.
दहाचे दहा खळगे भरलेत का, एवढंच.
कशावरच्या गोळ्या, ते विचारत नाही.
संध्याकाळी मानसशास्त्र, भाग पहिला,
वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.
पुस्तक जुनं घेतलंय. आधीच्या कुणीतरी
पिवळ्या पेनानं भलत्याच ओळी रंगवल्यात.

शेजारी डॅरिल, तीस वर्षं शहरबस चालवून
गुडघा गेलेला. पुढे टिशा, वय एकोणीस,
पेनासाठी पिशवीत हात घालते
तर आधी बाळाची चोखणी निघते.
कुणी हसत नाही.
डायकेमा बाई बुटांचा बर्फ झटकत येतात,
तो वितळेपर्यंत हजेरी.

त्या दिवशी म्हणाल्या, पेनं खाली. ऐका.
आणि पंधरा शब्द वाचले, सावकाश,
रेशनच्या रांगेत नावं पुकारावीत तसे:
गादी, उशी, थकवा, पांघरूण, जांभई, घोरणं, स्वप्न...
आता आठवतील ते लिहा.
मी अकरा लिहिले, डॅरिलनं नऊ,
आणि जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, झोप.
मी तर घाईत मराठीतच.
बाई म्हणाल्या, तो शब्द मी वाचलाच नाही.
वाचलात! टिशा उठून उभी राहिली. शपथेवर सांगते!
बाई हसल्या. सगळी बोटं एकीकडेच असली
की मन तिथे आपणहून पाटी लावतं.

परतताना बसमध्ये
मला माझी यादी ऐकू यायला लागली.
साबण. नळ. नळाची तोटी. पुन्हा साबण.
धुतलेली नाणी. धुतलेली काडेपेटी, मग न पेटणाऱ्या काड्या.
थंडीत भेगा. भेगांत कोकमतेल.
कडी लावली का. परत बघ. कडी.
सुमनआत्या, भुसावळ, रेल्वे क्वार्टर, सत्त्याऐंशी साल.
ही यादी आम्ही सगळ्यांनी ऐकली, रोज, वर्षानुवर्षं,
आणि न वाचलेला शब्द
एकालाही आठवला नाही.

आम्ही म्हणालो, आत्याचं सोवळं कडक.
शेजारच्या बायका तिच्या पाया पडत
आणि ती लगेच मोरीत, पाय धुवायला.
बाबा म्हणत, एवढं मनावर घेऊ नकोस गं.
ती म्हणाली, मी कुठे घेते, दादा,
तेच मला घेतं.
सगळे हसले होते. मीसुद्धा. चौदा वर्षांची होते.

प्रकरण बारा, पान चारशे नऊ.
तिथे आहे तो शब्द, जाड ठशात,
चाचणीत येणार म्हणून चौकटीत.
खाली औषधांची नावं. त्यातलं एक ओळखीचं निघालं:
तिसरा पट्टा, फिकट निळी, लांबुळकी.
दहाचे दहा खळगे.

निबंध दिला, माझ्या ओळखीची एक व्यक्ती.
बाईंनी समासात लिहिलं, निरीक्षण छान. संदर्भ?
काय देणार.
एक वाटी, कोकमतेलाची, तळाशी बोटाचा वळ.

रविवारी आईला सांगितलं, आत्याला आजार होता तो.
त्याला नाव आहे. गोळी आहे.
बराच वेळ नुसता तिकडचा पंखा ऐकू आला.
मग म्हणाली, मी एकदा तिचा साबण लपवला होता.
चार दिवस.
आणि मग, जेवलीस का?

गुरुवारी चाचणी आहे.
डॅरिल म्हणतो, चौकटीतलं तेवढं पाठ कर,
बाकीचं कुणी विचारत नाही.