आठवी 'ब'चा फळा

नोंदणीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "रकम?"
मी पर्स उघडली.
तिला नंबर हवा होता, पावतीवरचा. पैसे नव्हे.
पैसे महिन्यापूर्वीच भरले होते, बारा रियाल, एका दिवसाचे,
नवऱ्याला फुकट आहे असं सांगून.

मग दिवसभर तेच खूळ.
हिशेब, बाकी, जमा, तारीख:
मस्कतच्या त्या गारठलेल्या हॉटेलात
आमच्या वहीतले शब्द अरबी तोंडांतून
माहेरी आल्यासारखे बिनघोर हिंडत होते,
आणि मी, एकवीस वर्षं इथे काढून,
त्यांच्याकडे पाहुणीसारखी बघत होते.

बिल्ल्यावर नाव मावलं नव्हतं. कुमुदिनी आठ.
पुढचं 'ल्ये' यंत्राने खाल्लं.
एकाने हसत विचारलं, आधीच्या सात कुठे बसल्यात?

सहा दालनं, एकाच वेळी सहा भाषणं.
एकात कोणी गाठी सोडवत होतं,
त्या सुटत नाहीत हे सिद्ध करण्यासाठी.
एकात वीस मिनिटं मिळालेला पोरगा
अठराव्या मिनिटालाही व्याख्यांतच.
दाराबाहेर कहवा, खजूर,
आणि दोन म्हातारे बशीतल्या बियांनी
काहीतरी मांडत, मोडत,
पुन्हा मांडत.

मी आले होते नोदार सरांसाठी.
अनंत श्रेणी, तीन दिवसांचा अभ्यासक्रम;
मला परवडला मधला शुक्रवार.
तिबिलिसीहून आलेले, कोटाच्या खिशात स्वतःचे खडू,
पांढऱ्या फळ्यावर विचार घसरतो म्हणून हटून बसलेले.
पहिल्या दिवशी नुसतं तोंडी शिकवलं म्हणे.
आयोजकांनी शहरभर फोन केले.

फळा पाहिला आणि ओळखला.
उजव्या कोपऱ्यात कर्कटकाने पाडलेलं भोक,
त्याखाली खिळ्याने कोरलेलं 'जिथिन',
ज्याच्यासाठी मी वडिलांची सही आणवली होती.
वादी कबीरहून शंबेच्या पिकअपमध्ये,
स्नेहसंमेलनाच्या सतरंजीत गुंडाळून आला असणार.
मला कोणी सांगितलंही नाही.

सर लिहीत गेले, अक्षर बारीक, उतरतं.
तिसऱ्या ओळीत एक चिन्ह गळलं.
सगळे उतरवून घेत होते, गळलेलं तसंच.
आणि माझ्या तोंडून, चाळीस पोरांच्या वर्गात सुटतं तसं,
"वजा! वजा राहिलं!"

दोनशे माना वळल्या.
मराठी तिथे कुणाला कळणार?
माझं बोट मात्र हवेत आडवं राहिलं होतं.
सरांनी बोट पाहिलं, फळा पाहिला,
खडूने तेवढीच रेघ ओढली,
आणि मग ते झालं
जे मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं:
प्रत्येक पद पुढच्याला भिडून खलास,
फळाभर काटाकाटी,
शेवटचं टोक अनंताकडे जाता जाता विरलेलं,
उरला फक्त पहिला अर्धा.

वडील म्हणाले असते, निमकी.
त्यांना निमकी, पाऊणकी, औटकी, सगळं तोंडपाठ.
मला त्यातलं काही आलं नाही.
हे एवढं आलं.

सर पुढे गेले. नाव कोणी विचारलं नाही.
शेजारी बसलेल्या सलालाच्या मुलीने
वहीत रेघ घातली, माझा बिल्ला वाचला,
हळूच म्हणाली, "शुक्रन, आठ."

रविवारी पहिल्या तासाला फळा आपल्या जागी.
शंबेने पुसला होता, पण कोरड्या फडक्याने;
जिथिनच्या नावावरून काटलेल्या पदांची
फिकट ओळ गेलेली.
"मिस, हे काय आहे?"
डस्टर हातात होतंच.
म्हटलं, राहू दे.
मग त्याच्या शेजारी, थोडी जागा सोडून,
तारीख लिहिली.