वलंदेज

पेलातल्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या कॉर्नेलिया रोर्डांनी
दार ठोठावून सांगितलं,
"तुम्ही बर्फ फार वाईट काढता."
आणि स्वतःच फावडं घेऊन दाखवलं कसा काढायचा,
ब्याऐंशीव्या वर्षी.
मी फोनवर म्हटलं, बाई तोंडाची फटकळ आहे.
वेंगुर्ल्याहून आई म्हणाली, "खरां बोलता मा? मगे बरी आसा."

त्यांच्या घराचे पडदे रात्रीसुद्धा उघडे.
टेबल, दिवा, अर्धा विणलेला मोजा,
येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसतं.
लपवण्यासारखं काही नाही, एवढंच दाखवायचं असतं.
कॉफीबरोबर एक बिस्किट.
एकच.
मग डब्याचं झाकण टक् करून लागतं,
आणि मी दरवेळी दचकते.
आमच्याकडे तिसऱ्या लाडवाला नको म्हणायचं असतं
आणि चौथा वाढायचा असतो.

वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात, दारामागे.
"दिवसातून एकदा तरी सगळ्यांची आठवण येते."
सहाव्या वर्षी ऑक्टोबरात माझं नाव दिसलं.
शाईनं लिहिलेलं.

मे महिन्यात गाव ट्यूलिपांनी भरतं,
मिरवणुकीआधी झाडू-बादल्या घेऊन रस्ते घासतात.
शाल्मली लाकडी बुटांत, सात जोड मोजे घालून, नाचते.
त्या साली झ्वोलेहून रोर्डांचा एक लांबचा नातू आला, रुबेन,
पवनचक्कीपाशी उभा राहून पोट धरून हसला.
आमच्याकडे हे कुणी घालत नाही, म्हणाला,
आमच्या चर्चमध्ये आता योगाचे वर्ग भरतात.
कॉर्नेलियांनी त्याला डचमध्ये काहीतरी विचारलं.
त्याला अर्धंच कळलं. मग तो हसायचा थांबला.
"अशी माझी पणजी बोलायची."
"म्हणजे वाटेत काही सांडलं नाही," त्या म्हणाल्या
आणि डबा उघडून त्याला दुसरं बिस्किट दिलं.
मला कधी दिलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी सांगितलं,
आमच्या गावात तुमच्या लोकांची वखार आहे.
छप्पर गेलंय, भिंतींत झाडांची मुळं घुसलीत,
आम्ही तिथे लपाछपी खेळायचो.
तुम्हाला आम्ही वलंदेज म्हणायचो.
"व-लं-देज." त्यांनी शब्द दातांखाली धरून पाहिला,
खोटं नाणं तपासावं तसा.
"जागेचं भाडं भरलं होतं का त्यांनी?"
माहीत नाही, मी म्हटलं.
"विचारून सांग."

अजून विचारलेलं नाही. कुणाला विचारणार?

शनिवारी बेकरीत बदामाचं सारण भरलेली पेस्ट्री मिळते,
इंग्रजी एसच्या आकाराची.
एसच का, याची गावात चार उत्तरं आहेत.
शाल्मली रविवारी माझ्याकडे बाराखडी गिरवते,
तिनं ती हातात धरून फिरवून पाहिली. "आई, हा अवग्रह.
लांब हाक मारायची असली की लिहितात तो."
आणि कुंपणाशी जाऊन, पिठीसाखरेच्या तोंडानं :
"कॉर्नेलियाऽऽऽ"

उघड्या खिडकीतून उत्तर आलं,
"ओरडू नकोस. दिसतेयस मला."