ड्राय सोल्डर

तुळशीदास गावसानं ड्रोन आणला
अळसांद्यांच्या रिकाम्या पोत्यातून.
एक पाय मोडलेला,
पात्यात अडकलेली काजूची डहाळी, मोहोरासकट.
"सुर्ल्यात पडतो," म्हणाला, "आणि पहाटेचाच.
आधी डावीकडे कलतो, मग ऐकतच नाही.
प्यालेला माणूस तरी
शेवटी घराकडे वळतो."

वाळपईत, दुकानामागच्या परसात, भर बाराला
तो सरळ वर गेला.
माडाच्या उंचीवर थांबला.
उतर म्हटल्यावर उतरला.
डॉक्टरच्या पायरीवर दुखणं पळतं, तसं.

पहिला संशय बॅटरीवर.
थंडीत ती हात आखडता घेते, हे ठाऊक होतं.
तुळशीदास तिला पोटाशी धरून रात्रभर झोपला
(बायको काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही).
पहाटे बॅटरी कोमट होती, भरलेली होती,
ड्रोन तरीही पडला.

मग मातीवर.
इथल्या मातीत लोखंड,
होकायंत्राला चकवा लागला असेल.
पण चकवा घड्याळ बघून लागतो का?

शेवटी नोंदी उघडल्या.
अडतिसावा सेकंद.
तिसऱ्या मोटरला हुकूम: साठ टक्के.
ऐंशी.
शंभर.
फेरे: शून्य.

मी चहा बाजूला ठेवला.
म्हणजे डोकं शाबूत होतं.
तोल जातोय हे त्याला कळत होतं,
काय करायचं तेही कळत होतं,
आणि तो सांगत होता, पडेपर्यंत सांगत होता.
निरोप पोचत नव्हता, एवढंच.

आता चोर्ल्याच्या माथ्यावरची पहाट
वाळपईच्या दुपारी कुठून आणू?
पलीकडे एस्पेरांसबायचा मासळीचा फ्रीझर.
"हें कितें गो?" तिनं विचारलं,
पण बांगडे सरकवून जागा दिली.
पाती काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून
वीस मिनिटं ठेवला.

बाहेर काढला, चालू केला.
तीन मोटर फिरल्या.
तिसरी एकदा थरथरली आणि गप्प.
केस वाळवायचं यंत्र तिच्या मुळाशी धरलं:
फिरली.
पुन्हा गारठवली: गप्प.
उदबत्तीच्या काडीनं हलकेच दाबलं:
फिरली.

भिंगाखाली दिसला तो सांधा.
चकाकी नाही, राखेसारखा करडा,
आणि भोवती केसाएवढी गोल भेग.
उन्हात धातू फुगतो, भेग मिटते.
गारठ्यात आकसतो, उघडते.
सगळा आजार एवढ्या जागेत.

तो सांधा माझाच होता.

चवथीच्या आदल्या दिवशीचा.
माटोळी बांधायची राहिली होती, वीज जात-येत होती,
तुळशीदास दारात उभा,
आणि टेबलावर फोन वाजला.
म्हापशाहून, भावाचा, चार वर्षांनी.
उचलला नाही मी. नुसतं नाव बघितलं.
कथील गोठायला दोन सेकंद लागतात,
तेवढा वेळ हात हलू द्यायचा नसतो.
हे मीच शिकाऊ पोरांना सांगते.

जुनं कथील ओढून घेतलं, तांबं घासलं,
नवा थेंब घातला.
श्वास धरून बसले.
चकाकला.

बिलावर 'कारण' असा रकाना असतो.
'थंडी' लिहिलं.
खोडलं.
'हात हलला' लिहिलं.
तुळशीदासनं वाचलं, माझ्याकडे बघितलं,
घडी करून खिशात घातलं.
पैसे मी घेतले नाहीत.
एस्पेरांसबायनं मात्र
फ्रीझर उघडा ठेवल्याचे वीस रुपये घेतले.

शनिवारी सुर्ल्याला मीही गेले.
तेरा अंश, धुकं काजूंच्या कमरेपर्यंत.
सदतीस मोजले. अडतीस.
एकोणचाळीसला मोजायचं सोडून दिलं.
तो मोहोरावरून सावकाश पुढे जात राहिला,
बांगड्यांचा वास घेऊन,
आणि एक घार
बराच वेळ त्याच्या मागे होती.