सहा वर्षं तीन महिने

पुल्सारच्या द्राक्षाची साल इतकी पातळ
की वाइनला रंग चढतो न चढतो.
ल्योंहून आलेले लोक पेला उजेडात धरून विचारतात,
ही लाल आहे?
आई म्हणते, लालच आहे, फक्त ओरडत नाही.
सोबत काय खायचं, हेही ते विचारतातच.
फेरेओल, माझा बाप, उत्तर द्यायचा तेव्हा
एका पेल्याला अर्धा तास लागायचा:
त्रूसोला रानडुक्कर, पण रस्सा कालचा हवा.
शार्दोनेला ओढ्यातला ट्राउट, लोण्यात,
शेपटी कुरकुरीत होईपर्यंत.
आणि साव्हान्यांला...
इथे तो थांबायचा, टोपी काढायचा.

साव्हान्यां सगळ्यांत शेवटी पिकतो.
जुराच्या डोंगरावर धुकं उतरतं, बागा रिकाम्या होतात,
शेजारी कात्र्यांना तेल लावून मोकळे होतात,
तरी हा वेलीवरच, हट्टी, हिरवट.
तुझ्यासारखा, आई बापाला तोंडावर म्हणायची.

त्याची वाइन पिंपात भरायची आणि विसरायची.
उडेल तेवढी उडू द्यायची, वरून भर घालायची नाही.
रिकाम्या झालेल्या जागेत साय धरते,
दुधावर धरते तशीच, पण राखाडी, सुरकुतलेली.
तिच्या खाली वाइन पिवळी होत जाते,
अक्रोडाचा वास धरते.
सहा वर्षं तीन महिने.
तोवर पिंप हलवायचं नाही,
तळघराचं दार आपटायचं नाही.
माझं लग्न मोडलं तेव्हा मी आपटलं होतं.
बाप धावत खाली गेला, पिंपांकडे.
माझ्याकडे नंतर आला.

शेवटच्या ऑक्टोबरात त्यानं एकच पिंप भरलं.
खोकला होता. खडूनं फळीवर तारीख घातली,
खाली लिहिलं:
कोंबडी, मोरेल अळंबी, साय सढळ हातानं.
फेब्रुवारीत गेला.

आम्ही थांबलो.
एप्रिलच्या दहिवरात वेलींच्या रांगांमधून
मेणाचे डबे पेटवून रात्री जागलो.
दोन वर्षं गारांनी खाल्ली.
बँकेतला बुव्हरे दोनदा तळघरात उतरला,
त्या पिंपावर बोटानं टकटक करणार, एवढ्यात
आईनं त्याचा हात धरला. झोपलंय, म्हणाली.

काल ती जानेवारीतली तारीख आली.
ओडील आत्या आली, खालच्या वळणावरचा ऑनेझिम आला,
कोंबडी सकाळपासून मंद आचेवर,
कोंते चीजचा मोठा तुकडा कापडाखाली घाम गाळत.
आईनं तोटी फिरवली.
वास आधी आला.
ऑनेझिमनं जमिनीकडे पाहिलं.
मधल्या कुठल्या तरी वर्षी साय फाटली होती,
कुणाला पत्ता नव्हता.
दोनशे अठ्ठावीस लिटरांतून जे काही उरलं होतं
ते सगळं व्हिनेगर.
माझी नजर दाराकडे गेली.
मी नाही. या वेळी खरंच मी नाही.

आई पेला धरून उभी होती.
दुसरा घोट घेतला. मग तिसरा.
अक्रोड आहे यात, म्हणाली.
तोही आहे. रागावलेला.

कोंबडी आम्ही गेल्या वर्षीच्या पुल्सारबरोबर खाल्ली,
जमली नाही फारशी, पण संपवली.
मग आई बूट चढवून परसात गेली,
बर्फ हातानं बाजूला करून
खालची कोवळी पानं खुडून आणली.
उकडलेले बटाटे गरम असतानाच फोडले,
अक्रोडाचं तेल, मीठ,
आणि पिंपातला एक डाव.
ओडील आत्या तीन वेळा वाढून घेते
असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.
कुणी काही बोललं नाही. ताटं पावानं पुसली.

रात्री आईनं खडू मागितला.
मी कंदील धरला.
तारीख तशीच ठेवली.
कोंबडी ओल्या बोटानं पुसली, अळंबी पुसली,
साय पुसायला जरा वेळ लागला.
मग त्याच्या अक्षराखाली
आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं,
बटाटे.