कळवणच्या पुढे

नांदुरी नऊ किलोमीटर, म्हणतो दगड.
मघाचाही तेच म्हणत होता.

चैत्रातलं डांबर चपलेला चिकटतं.
भिकूबाई मालेगावपासून अनवाणी,
ओटीत नारळ, गालात कालचीच लवंग.

दुपारी कांद्याच्या वावरात टेकलो.
बाया पात कापत होत्या.
कुणी तांब्याभर पाणी दिलं.
भिकूबाईनं विचारलं, माणसं कमी पडली का गं?
आणि बसलीच,
विळा मागून घेऊन.

ऊन कललं. झेंडा पुढे गेला,
ढोलही वळणाआड.
तिची रास गुडघ्याला लागलेली.

चल ना, म्हटलं.
नारळ माझ्या हातात दिला:
आईला सांग, हात गुंतलेत.

रात्री गडाच्या रांगेत
नारळाला कांद्याचा वास.
निरोप सांगितला मी,
एवढ्या गलक्यात पोचला का
कोण जाणे.