ओत्रो

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
मला टेबल दिलंय.
डावीकडे बँक, उजवीकडे नौदल.
बँकेकडे फुकट वाटायला पेनं आहेत,
नौदलाकडे कडक इस्त्री आणि एक हसरा पोरगा.
माझ्याकडे काळ्या मखमलीवर सतरा डोळे,
सगळे छताकडे बघणारे.

पाटीवर नाव : एलोइसा किलोद्रान.
पेशाच्या जागी आयोजकांना काही सुचलं नाही,
म्हणून नुसतं 'ओत्रो'. म्हणजे, इतर.

हाच रकाना मी सोळाव्या वर्षी भरला होता,
याच शाळेत, बेर्नार्दिता बाईंसमोर.
नर्स, हिशेबनीस, कस्टम्स, शिक्षिका...
मी चौकोनांच्या कडेकडेनं पेलिकन काढत बसले.
बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे गं,
पण हाताला काम कोण देणार?"
बाबा बंदरावर क्रेन चालवायचे.
त्यांनी पेलिकन पाहिले, चहा ढवळला.
"भिंती रंगव," म्हणाले,
"वालपाराइसोत भिंतींना तोटा नाही."

रंगवल्या. तीन उन्हाळे.
जिने, बेकरीच्या पाट्या,
एका लग्नात पाहुण्यांची व्यंगचित्रं
(नवऱ्याच्या मामानं पैसे बुडवले),
आणि दंतवैद्याच्या दारावर एक भलीमोठी दाढ.
तिच्यासमोर एक म्हातारा थांबला.
"दाताचा पांढरा पांढरा नसतो, हे कुणी सांगितलं तुला?"
कुणी कशाला सांगायला हवं, दिसतं की.
दोन एवारिस्तो म्हणाले, "सोमवारी ये."

पहिलं वर्षभर फक्त पांढरा.
मग लाल रेशमाचा धागा उसवायचा,
केसाहून बारीक, आणखी बारीक,
चिमट्यानं ठेवायचा, वाकवायचा;
शीर अशी दिसायला हवी
की माणूस काल थोडा जागलाय.
तपकिरी म्हणजे तपकिरी नव्हेच :
मध, गंज, जरासं शेवाळ,
काठाला निळसर धूर.
बाहुलीपाशी मात्र हात टेकावे लागतात.
खरी बाहुली उन्हात आकसते, अंधारात फुलते;
मला एकच मापाची काढता येते, कायमची.
म्हणून विचारते,
दिवसातला जास्त वेळ कुठे जातो तुमचा?

निबाल्दो वेल्डर होता. गोदीत कपची उडाली.
म्हणाला, "स्वयंपाकघरात. आई असते तिथे."
तर चाळीस वॅटच्या बल्बखाली रंगवला,
पाच वेळा पुसून.
आई न्यायला आली.
त्याच्या तोंडाकडे बघत राहिली,
मग म्हणाली, "कॉलर किती मळलीय तुझी!"
त्या रात्री मला
लगेच डोळा लागला.

तर, कला येणाऱ्यांनी काय करावं?
मला काय विचारता पोरांनो,
मी एकच गल्ली ओळखते, तीही चुकून सापडलेली.
नौदलाकडे रांग आहे. माझ्याकडे एकटी यास्ना,
बाहीला शाईचे डाग.
पगार किती, विचारते.
घरभाडं सुटतं, सांगते. दात दुखला तर विचार करावा लागतो.
"आणि सही कुठे करता?"
करत नाही.
"म्हणजे तुमचं काम आहे हे कळतच नाही कुणाला?"
कळलं तर पैसे परत.

ती हसत नाही. ट्रेवर वाकते.
बोट न लावता अकराव्यापाशी थांबते,
मान तिरकी करते, काही बोलत नाही.
(अकरावा माझा पहिला. मुद्दाम ठेवलाय.)

दुपारी टेबलं आवरली.
पाटी उचलली तेव्हा दिसलं :
बँकेच्या फुकट पेनानं
'ओत्रो'मधल्या दोन्ही गोलांत
कुणीतरी बुबुळं भरली होती.
आमच्या लिपीत त्या शब्दाला दोन गोल असतात,
इतकी वर्षं मीही पाहिले नव्हते.
डाव्याची बाहुली उजव्याहून
किंचित मोठी.

खिडकी त्याच बाजूला होती.